फाईल जाड, सूर तेवढाच

दिवाळीनंतर रामाकोन्याला जाणं झालं. रामाकोना कुठे, असं गोव्यातला माणूस विचारणारच. लग्न होईपर्यंत मीही हे नाव ऐकलं नव्हतं. बायकोचं माहेर नागपूरचं आणि तिचे मामा रामाकोन्याचे. नागपूरहून सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याच्या वाटेला लागलं की हे गाव येतं. राज्य मध्य प्रदेश, दुकानांच्या पाट्या हिंदीत, पण घराघरांत मराठीच, आणि तीही नागपुरी वळणाची. १९५६ पर्यंत नागपूर हीच या मुलखाची राजधानी होती. त्या वर्षी राज्यांची फेरआखणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा तिकडेच राहिला. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा असा नवा जिल्हा केला. संत्र्यांचा मुलूख. छोट्या रुळांची गाडी २०१५ साली बंद झाली, आता मोठे रूळ आले आहेत. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही, त्यामुळे मला तिथे परकं वाटत नाही.

मामा निवृत्त शिक्षक. वय ऐंशीच्या पुढे, कानाला यंत्र. तरुणपणी त्यांना तबकड्यांचा नाद होता. त्यांचा एक लाकडी खोका अजून माळ्यावर आहे आणि आम्ही गेलो की तो खाली उतरतो. यंदा मात्र खोक्याआधी मामांच्या नातवाने मला पकडलं. पोरगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. सुट्टीला येताना तो एक छोटीशी धातूची डबी आणि भलेमोठे हेडफोन घेऊन आला होता.

"काका, बसा. तुमच्या गोव्याच्या बाई आणल्यात."

संगणकाच्या पडद्यावर नाव होतं केसरबाई केरकर. खाली आकडे: २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. साधारण साडेतीन मिनिटांचं गाणं आणि फाईल २४२ मेगाबाइटची! तेच गाणं सीडीच्या मापाने ३७ मेगाबाइटमध्ये बसतं. ही जाडजूड फाईल त्याने पैसे मोजून घेतली होती. विकणाऱ्याने लिहिलं होतं की यात गाणं मूळ जसं होतं तसं, अगदी बाई समोर बसून गात असल्यासारखं ऐकू येतं.

आता माझी सारी नोकरी फायलींत गेली. फाईल जाड झाली म्हणून आतला मजकूर वाढतो असं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण ते कागदाचं. आवाजाचं तसंच असतं का? त्या दोन-तीन दिवसांत याचा बराच खल झाला. शिवाय त्याच वेळी मामांनी खोक्यातून केसरबाईंची खरीखुरी काळी तबकडी काढून समोर ठेवली आणि म्हणाले, "हे घ्या जावईबापू, असली माल." म्हणजे एकच आवाज दोन रूपांत समोर होता.

"अगदी समोर गात असल्यासारखं" हे वाक्य मात्र मला ओळखीचं वाटलं. आवाज साठवायचं यंत्र जितकं जुनं, तितकंच हे आश्वासन जुनं आहे. १९१५ पासून पुढची दहा वर्षं अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने गावोगाव एक प्रयोग केला. रंगमंचावर गायिका उभी आणि शेजारी कंपनीचं यंत्र. गायिका गाता गाता थांबायची, यंत्र पुढे चालू ठेवायचं. कधी दिवे मालवायचे आणि मग लोकांनी सांगायचं, आता बाई गाते आहे की यंत्र? लोकांना सांगता येत नसे म्हणे! आज ती मुद्रणं ऐकली तर डब्यात तोंड घालून गायल्यासारखी वाटतात. मग त्या हजारो लोकांचे कान काय बधिर होते? खुबी अशी की ॲना केस नावाच्या गायिकेने पुढे कबूल केलं, ती आपला आवाज यंत्राच्या बेताने लावत असे. यंत्र माणसासारखं होईना, तेव्हा माणूसच यंत्रासारखा झाला!

आपल्याकडे ही विद्या १९०२ साली आली. लंडनच्या कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गौहर जानचं गाणं घेतलं. गाणं संपल्यावर बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, कारण तबकड्या छापायच्या होत्या जर्मनीत हॅनोवरला आणि तिथल्या कारागिराला कळायला हवं की हे गाणं कोणाचं. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या कर्ण्यात तोंड घालून ओरडायचं, त्या हवेच्या दाबाने पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची आणि सुईने मेणात रेघ उमटायची. तानपुऱ्याचा झंकार त्या कर्ण्यापर्यंत पोचतच नसे. त्या यंत्राला साधारण दीडशेपासून दोन-अडीच हजार कंपनांपर्यंतचा आवाज पकडता येई. खालचं गेलं, वरचंही गेलं. १९२५ नंतर विजेवरचं मुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि मर्यादा पाच-सहा हजारांवर, पुढे पुढे आठ-दहा हजारांपर्यंत गेली. केसरबाईंच्या तबकड्या या दुसऱ्या युगातल्या, त्यामुळे त्यांचा तो भरीव, पुरुषांनाही हेवा वाटावा असा आवाज आपल्यापर्यंत बऱ्यापैकी पोचला आहे. त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांचा आवाज तबकडीवर नाही. त्यांचेच आणखी एक गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचंही तेच. तिथे बिटांचा प्रश्नच उद्भवत नाही.

केसरबाई आपल्या अंत्रुजातल्या केरीच्या. जन्म १३ जुलै १८९२. तबकडीसाठी त्यांनी गाणं तसं मोजकंच दिलं. पण त्या मोजक्यातली एक भैरवी, 'जात कहाँ हो', कुठल्या कुठे गेली पाहा. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली आणि पृथ्वीवरच्या निवडक संगीतात बाईंची ही भैरवी घातली. यानं सुटली २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबरला. बाई गेल्या १६ सप्टेंबरला. आता यातला आपल्या कामाचा मुद्दा. जास्त संगीत मावावं म्हणून ती तबकडी मिनिटाला फक्त १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांच्या गतीने वाजेल अशी कापली. नेहमीच्या लाँगप्लेच्या निम्मी गती, म्हणजे दर्जाच्या बाबतीत तडजोडच. पण ती पाठवणारी माणसं शहाणी होती. त्यांनी तबकडीबरोबर सुई पाठवली, आणि किती गतीने फिरवायची हेही वेष्टणावर कोरून ठेवलं. हे सुईचं पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

नातवाच्या फायलीकडे येतो. आवाज आकड्यांत साठवायचा म्हणजे काय, तर सेकंदाला ठरावीक वेळा त्याची उंची मोजायची आणि लिहून ठेवायची. सीडीवर सेकंदाला ४४,१०० मापं असतात. हा असला विचित्र आकडा कुठून आला, हे मला कित्येक वर्षं कोडं होतं. पूर्वी हे आकडे व्हिडिओ टेपवर साठवायचे. अमेरिकन पद्धतीच्या चित्रात कामाच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा, एका ओळीत तीन मापं. करा गुणाकार. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी, ५० वेळा, तीन मापं. तरी उत्तर तेच! सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून १९८२ साली सीडी बाजारात आणली तेव्हा तोच आकडा पुढे चालू ठेवला. कारकुनी परंपरा फक्त आमच्या खात्यात आहे असं समजू नका.

पण हा आकडा पुरेसाही होता. १९२८ साली नायक्विस्टने पाया घातला आणि १९४९ साली शॅननने पक्का केलेला सिद्धांत असा: ज्या कंपनापर्यंतचा आवाज हवा, त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मापं घेतलीत की आवाज पुरता परत मिळतो. अंदाजे नव्हे, पुरता. ठिपक्यांमधली जागा मोकळी राहते, तिथला सूर हरवतो, अशी चित्रं जाहिरातींत काढतात, पायऱ्या पायऱ्यांची. ती चुकीची आहेत. त्या मर्यादेतली एकच वळणदार रेघ त्या सगळ्या ठिपक्यांतून जाऊ शकते आणि यंत्र तीच काढतं. माणसाचा कान तरुणपणी फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. बसलं की नाही? १९२ किलोहर्ट्झच्या फायलीत ९६,००० कंपनांपर्यंत जागा असते. वटवाघळांना उपयोगी.

बिटांचा हिशेब वेगळा. बिट म्हणजे प्रत्येक माप किती बारीक पट्टीने घेतलं ते. सोळा बिटांत ६५,५३६ पायऱ्या, चोवीस बिटांत १,६७,७७,२१६. ऐकायला प्रचंड, पण पायऱ्या वाढल्याने सूर गुळगुळीत होत नाही. फक्त अगदी तळाची खरखर आणखी खाली जाते. सोळा बिटांत सर्वांत मोठा आवाज आणि तळाची खरखर यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर राहतं. लाखेच्या तबकडीत ते चाळिसाच्याही आसपास जेमतेम. म्हणजे केसरबाईंच्या तबकडीला सात बिटसुद्धा पुरे, आणि वरच्या सतरा बिटांत काय भरलेलं असेल? सुईची खरखर. अतिशय बारकाईने मोजलेली खरखर!

कार्यालयात आम्ही साक्षांकित प्रती घेतो. पुसट झालेल्या कार्बन प्रतीची छायाप्रत कितीही भारी यंत्रावर काढा, पुसलेलं अक्षर उमटत नाही. कागदाचा पोत तेवढा छान येतो.

हे सगळं मी त्या पोराला ऐकवलं. तो हुशार. म्हणाला, "काका, सिद्धांत राहू द्या. मला फरक ऐकू येतो." यावर काय बोलणार? फरक ऐकू येतो म्हणणाऱ्याला खोटं म्हणता येत नाही. ऐकूनच पाहायला हवं.

असं ऐकून पाहणारे बाहेरही आहेत. २००७ साली बॉस्टनच्या मंडळींनी केलेला एक प्रयोग छापून आला. मेयर आणि मोरन त्यांची नावं. त्यांनी वरच्या दर्जाच्या तबकड्या वाजवल्या आणि एक कळ ठेवली. कळ दाबली की तोच आवाज सीडीच्या मापातून गाळून येई. ऐकणाऱ्याने सांगायचं, गाळलेला कुठला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. त्यावर आक्षेपही आले, की त्यातल्या काही तबकड्यांचं मूळ मुद्रणच जुनं होतं, तर त्यात वरचं काही असणार कुठून. आक्षेप रास्त आहे. २०१६ साली लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची गोळाबेरीज केली, साडेबारा हजारांवर उत्तरं. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. आधी तालीम दिलेल्यांची साठीच्या जवळ जातात. तेव्हा फरक अजिबात नाही असं छातीठोकपणे म्हणू नये. असलाच तर तो इतका निसटता, की तालीम घेतलेला माणूस शांत खोलीत कान टवकारून बसला तरी दहातला चार वेळा चुकतो.

मला मात्र बॉस्टनकरांची एक बाजूची नोंद फार महत्त्वाची वाटली. ते म्हणतात, या महागड्या तबकड्यांतल्या पुष्कळशा ऐकायला खरोखरच उत्तम होत्या, नेहमीच्या सीडींपेक्षा सरस. आणि सीडीच्या मापातून गाळल्यावरही त्या तितक्याच उत्तम राहिल्या! कारण त्या निगुतीने केल्या होत्या. घाऊक बाजारासाठी आवाज ठोकून ठोकून मोठा करतात, तसं त्यांत केलं नव्हतं. म्हणजे ग्राहकाला सुख मिळत होतं ते खरंच. श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होत होतं.

आमचा प्रयोग रामाकोन्यात माडीवरच्या खोलीत झाला. केसरबाईंची फाईल बाजूला ठेवली. नातवाकडे सरोदचं अलीकडचं, खऱ्या २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झमध्ये केलेलं मुद्रण होतं. त्याचीच त्याने सीडीच्या मापाची प्रत काढली. मी नाणं उडवायचं आणि त्याप्रमाणे फाईल लावायची, त्याने पाठ करून बसायचं. पहिल्या दहांपैकी नऊ उत्तरं बरोबर! मी तर चाट पडलो. मग त्यालाच शंका आली. त्याने तपासलं तर प्रत काढताना आवाज किंचित कमी झाला होता, अर्ध्या डेसिबलने. जरासा मोठा आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, "चांगला" वाटतो. ही कानाची जुनी खोड, आणि दुकानदारांना ती ठाऊक असते. आवाज सारखा करून पुन्हा वीस वेळा केलं. त्याची ११ बरोबर, माझी ९, बायकोची १०. योगायोग नाही असं म्हणायला विसातली निदान पंधरा तरी हवीत. पोरगा थोडा हिरमुसला, पण आवाजाची चूक त्याने स्वतःहून काढली होती, हे मला आवडलं.

मग कान तपासले. संगणकावरून बारीक शिट्टी चढवत न्यायची. त्याला सतरा हजारांपर्यंत ऐकू आलं. मी तेरा हजारांवर थांबलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे ठीकच, तरी मनाला लागलं. मामा यंत्र काढून बसले आणि सहा हजारांच्या आतच म्हणाले, "आता बंद झालं वाटते." बंद झालं नव्हतं. खालच्या अंगणातलं कुत्रं भुंकत होतं.

आणि ती २४२ मेगाबाइटची फाईल? रात्री नातवाने तिचं चित्र काढलं. कुठल्या कंपनाला किती जोर आहे ते रंगात दाखवणारी फुकट साधनं मिळतात. गाणं सहा-सात हजारांपर्यंत होतं. त्याच्या वर नुसती खरखर. आणि बावीस हजारांवर एकदम पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, वर काळाकुट्ट अंधार. तबकडीची खरखर अशी रेघ मारून थांबत नाही, ती वर विरत जाते. रेघेचा अर्थ उघड होता. कोणीतरी सीडीचं मुद्रण घेऊन ते मोठ्या फाईलमध्ये ओतलं होतं. जुन्या प्रतीवर नवा गोल शिक्का! विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. त्याने तरी जाणूनबुजून केलं की त्यालाही तशीच मिळाली, देव जाणे.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली, मामांची तबकडी वाजवली तेव्हा. घरात ७८ ची तबकडी वाजवू शकणारं एक जुनं यंत्र आहे, पण त्याला सुई होती लाँगप्लेची. लाँगप्लेची सुई टोकाशी इंचाचा एक हजारांश, आणि ७८ च्या चरीला हवी त्याच्या सुमारे तिप्पट. बारीक सुई चरीच्या तळाशी जाते, जिथे साठ-सत्तर वर्षांचा कचरा आणि पोलादी सुयांनी खरवडलेला चुरा. पूर्वीची पद्धत एका बाजूला एक नवी सुई अशी होती, आपल्याकडे मात्र एक सुई महिनाभर पुरवत, त्यामुळे चरी अधिकच झिजल्या. नातवाने नागपूरहून बरोबर मापाची सुई मागवून बसवली. ती चरीच्या भिंतींवर, जिथे जुन्या सुया पोचल्या नव्हत्या तिथे टेकली, आणि बाई एकदम जवळ आल्या. खरखर निम्मी झाली असावी. हा फरक कुणीही डोळे बांधून ओळखला असता, मामांनीसुद्धा ओळखला. सुई बरोबर पाठवणाऱ्या व्हॉयेजरवाल्यांची आठवण झाली ती इथे.

गतीचंही तसंच. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असं नाही, विशेषतः सुरुवातीच्या. चौऱ्याहत्तरवर घेतलेलं गाणं अठ्ठ्याहत्तरवर वाजवलं तर जवळजवळ एक पूर्ण पट्टी चढतं. काळी चारमध्ये गाणारा पांढरी सहात गातो आणि आपण म्हणतो, काय हो चढा आवाज होता तेव्हाच्या लोकांचा! नाट्यपदांच्या कॅसेटींवर आणि सीडींवर मी अशा गफलती ऐकल्या आहेत. शिवाय खरखर काढायच्या नादात आवाजाची धार काढून टाकलेली आणि वर देवळात घुमावं तसा घुमारा घातलेला. तेच मुद्रण पुढे चोवीस बिटांत घातलं तर चूक जास्त बारकाईने जपली जाते, एवढंच.

मग चोवीस बिट, छप्पन्न बिट सगळं झूट का? तसं नाही. ध्वनिसंग्रह जपणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसच अशी आहे की जुन्या वस्तूची पहिली प्रत निदान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांत घ्यावी, आणि पुष्कळ संस्था ९६ घेतात. कारण ती प्रत कानासाठी नसते, पुढच्या कामासाठी असते. ओरखड्याची टिचकी वरच्या कंपनांत स्पष्ट दिसते, ती नेमकी उचलून काढता येते. आवाजाची पातळी सावधपणे कमी ठेवली तरी तळाशी जागा उरते. ऐकणाऱ्याला हातात द्यायची प्रत साधी सीडीच्या मापाची असली तरी चालतं. मूळ दस्तऐवज आणि कामापुरती नक्कल, यांतला हा फरक. मुंबईत सुरेश चांदवणकरांसारख्या मंडळींनी १९९० पासून तबकडी-संग्राहकांची सोसायटी चालवली, ती हेच जाणून: आधी तबकडी मिळाली पाहिजे, मग ती कोणाची, कधीची, कोणत्या गतीची हे लिहून ठेवलं पाहिजे. बिटांचं नंतर.

हे मी पटवून देत असतानाच मामांनी खोक्याच्या तळातून एक कॅसेट काढली. वर पेनाने "आई" एवढंच लिहिलेलं. १९८० च्या दशकात कधीतरी त्यांनी टू-इन-वनवर आईच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या होत्या. या गाणाऱ्या बाईंची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. घरात पाच-सहा हजारांचे हेडफोन आले, केसरबाईंची विकतची फाईल आली, आणि ही कॅसेट माळ्यावर बुरशी धरत होती. पोरगा गप्प झाला. खरं तर मीही झालो. माझ्या आईचा आवाज माझ्याकडे नाही. २००९ साली ती गेली तेव्हा खिशात मोबाईल होता, पण घ्यावा असं सुचलं नाही.

कॅसेटमधली टेपखालची लोकरीची गादी गळून पडली होती. नातवाने पाच स्क्रू काढून फीत दुसऱ्या कॅसेटच्या डबीत बसवली. मामांच्या टू-इन-वनचे पट्टे विरघळून डांबर झालेले, म्हणून सौंसरच्या एका रेडिओवाल्याकडून कॅसेट डेक आणला. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ लावलं आणि कळ दाबली. आवाज आला, पण गोधडीखालून आल्यासारखा. शब्द कळेनात. पोरगा म्हणाला, गेलेली आहे टेप.

टेप गेलेली नव्हती. कॅसेट ज्या यंत्रावर घेतली त्याचं डोकं किंचित तिरकं असेल आणि वाजवणारं सरळ असेल, तर वरची कंपनं आपसांत खाऊन टाकली जातात. डोक्याच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. आमच्या पिढीने कॅसेटींच्या जमान्यात तो किती वेळा पिळला आहे! चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला, कॅसेट चालू ठेवून पाव वळसा दिला, थोडा मागे घेतला, आणि म्हातारीचा आवाज गोधडीखालून बाहेर आला. शब्द लागले. आणि शब्दांच्या मागे काहीतरी किणकिण. एका लयीत, ओवीच्या चरणाबरोबर पुढे जाऊन मागे येणारी.

नातवाने ती प्रत खरखर काढायच्या साधनातून नेली. खरखर गेली, किणकिणही गेली. साधनाला दोन्ही एकच वाटली. ती प्रत आम्ही पुसली.

मामांना हेडफोन घातला. पहिल्या ओवीला काही बोलले नाहीत. दुसऱ्या ओवीला त्यांनी उजवा हात गुडघ्यावर गोल फिरवायला सुरुवात केली. मग म्हणाले, जातं तेव्हा घरातून गेलंच होतं, पिठाची गिरणी होती. नुसतं बसून आईला ओव्या म्हणता येईनात, चाल सुटायची. म्हणून ती रिकाम्या हाताने दळत बसली.

"मी तिले म्हटलं होतं, बांगड्या काढून ठेव, त्याचा आवाज येते. ऐकलंच नाही तिनं."

मामांच्या कानांना ती किणकिण ऐकू आली की आठवली, ते मी विचारलं नाही. प्रती तीन केल्या: एक नातवाकडे, एक नागपूरला, एक मी गोव्यात आणली आहे. कॅसेटची दुसरी बाजू राहिली. मामा म्हणतात, तिकडे बहुतेक विविध भारती आहे.